ताशा, बांबू आणि लोखंडी पिंप

ताशा हें वाद्य आपणां महाराष्ट्रीयांस मुळींच अनोळखी नाहीं. लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो किंवा मोहरमचे ताबूत असोत, ताशाची कडकड कानीं पडली कीं घरांतलीं मुलें हातांतला घांस टाकून ओट्यावर धांवलींच म्हणून समजावें. हेंच वाद्य, जवळजवळ ह्याच नांवानें, येथून हजारों मैल दूर, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यालगत असलेल्या त्रिनिदाद नांवाच्या बेटांत आजहि वाजत असतें. तेथील लोक त्याला 'तासा' म्हणतात. मातीच्या पसरट भांड्यावर बकऱ्याचें कातडें ताणून बसविलेलें, विस्तवावर शेकून चढविलेलें, गळ्यांत अडकवून दोन लवचिक काड्यांनीं वाजविण्याचें. सर्व रूप आपल्या ओळखीचें. मात्र त्या ताफ्यांतील वादकांचें बोलणें ऐकावयास गेलें म्हणजे आपण बुचकळ्यांत पडतों. मुख्य ताशाला ते 'कटर' म्हणतात, त्याला साथ करणाऱ्या ताशाला 'फूले' म्हणतात, आणि ढोलाला 'बास' म्हणतात. पहिला व तिसरा शब्द इंग्रजी आहेत हें उघडच आहे. दुसऱ्याचा आपल्या फुलांशीं कांहीं संबंध नाहीं. तो फ्रेंच भाषेंतला आहे, आणि त्याचें नातें दाबणें, तुडविणें ह्या अर्थाच्या क्रियापदाशीं आहे.

बिहारच्या शेतकऱ्यांनीं बरोबर नेलेल्या वाद्याला फ्रेंच नांव कोणीं ठेविलें असेल? फ्रेंच लोकांनीं तर खासच नव्हे. ह्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाचा माग काढीत गेलें, तर एका बेटाचा दीडशें वर्षांचा इतिहास आणि एका नव्या संगीताची जन्मकथा हातीं लागते. तीच आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करावयास हवा. तो शब्द 'क्रिओल'. स्पॅनिश व पोर्तुगीज लोकांच्या वसाहतींत हा शब्द जन्मास आला. ज्याचें बीज परमुलखांतलें परंतु जन्म आणि वाढ वसाहतींतली, तो क्रिओल. मग तो गोरा असो, काळा असो कीं दोहोंच्या मधला असो. पुढें तो शब्द भाषांना लागला, स्वयंपाकाला लागला आणि गाण्यालाहि लागला. निरनिराळ्या देशांतून येऊन पडलेल्या माणसांच्या सहवासांत, कोणाच्याहि मायदेशीं नव्हती अशी नवी रीत जेव्हां उत्पन्न होते, तेव्हां तिला क्रिओल म्हणतात. मराठींत ह्याला प्रतिशब्द योजावयाचा तर पंचाईत येते. 'संकर' म्हणावें तर त्याला धर्मशास्त्रांतल्या निंदेचा वास येतो. 'मिश्रण' म्हणावें तर वैद्याची बाटली डोळ्यांपुढें उभी राहते. मला विचाराल तर 'मुरणें' हें आपलें घरगुती क्रियापदच बरें. लोणच्यांतली कैरी कैरीच राहते आणि मोहरी मोहरीच राहते, तरी महिन्यानें बरणी उघडल्यावर जी चव लागते ती पूर्वीं दोहोंपैकीं एकींतहि नव्हती. त्याला मीठ मात्र पुष्कळ लागतें, आणि पुढील हकीकतींत मिठाचा तोटा नाहीं.

चमत्कार असा कीं खुद्द त्रिनिदादमध्यें ह्या शब्दानें भारतीय माणसाला बाहेर ठेविलें. तेथें क्रिओल म्हणजे आफ्रिकन वंशाचा, मिश्र वंशाचा, किंवा जुन्या फ्रेंच घराण्यांतला. भारतीय वंशाच्या माणसाचा पणजा त्या बेटावर जन्मलेला असला तरी तो 'क्रिओल' नव्हे. त्यालाहि हें नांव नकोच होतें. दोन्ही बाजूंनीं एक रेघ ओढली गेली, आणि संगीताचीहि वांटणी त्याच रेघेवर झाली असें लोक मानूं लागले. कॅलिप्सो आणि लोखंडी पिंपांचा वाद्यवृंद त्यांचा. तासा, ढोलक आणि हार्मोनियम ह्यांचा. ही वांटणी वाद्यांना स्वतःला मान्य आहे काय, हें आपण पाहूं.

कोलंबसानें हें बेट १४९८ सालीं पाहिलें. त्यानंतर सुमारें तीनशें वर्षें तें स्पेनच्या ताब्यांत होतें. पण स्पॅनिश लोकांना तेथें सोनें सांपडलें नाहीं, म्हणून त्यांनीं तिकडे फारसें लक्षहि दिलें नाहीं. १७८३ सालीं स्पेनच्या राजानें एक फर्मान काढून कॅथॉलिक मळेवाल्यांना तेथें जमिनी देऊं केल्या. मार्टिनिक, ग्रेनाडा वगैरे शेजारच्या बेटांतून फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह लोटले, आणि थोडक्याच वर्षांत बेटाची बोली फ्रेंच होऊन बसली. १७९७ सालीं इंग्रजांनीं तें जिंकलें. म्हणजे कायदा स्पॅनिश, बोली फ्रेंच, निशाण इंग्रजी आणि घाम आफ्रिकन, अशी ती व्यवस्था होती. गुलामगिरी कायद्यानें १८३४ सालीं उठली, परंतु उमेदवारीच्या नांवाखालीं आणखी चार वर्षें गेलीं. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ रोजीं झाली. सुटलेल्या माणसांनीं साहजिकच मळ्याकडे पाठ फिरविली, किंवा निदान वाजवी मजुरी मागितली. ती द्यावयाची नव्हती, म्हणून मळेवाल्यांनीं दुसरीकडून माणसें आणविण्याचा घाट घातला. ३० मे १८४५ रोजीं 'फतेल रझाक' नांवाचें जहाज सुमारें सव्वादोनशें भारतीय मजूर घेऊन त्रिनिदादला लागलें. हा ओघ १९१७ पर्यंत चालू राहिला आणि तेवढ्या अवधींत जवळजवळ १,४४,००० माणसें तेथें उतरलीं. त्यांतलीं बहुतेक कलकत्त्याच्या बंदरांतून निघालेलीं, भोजपुरी व अवधी बोलणाऱ्या मुलखांतलीं होतीं. गिरमिटावर गेलेला आपला मराठी माणूस मुंबई बंदरांतून मॉरिशसला गेला. त्रिनिदादच्या वाटेला तो लागला नाहीं.

अशा रीतीनें जे शेजारी झाले त्यांच्यांत प्रेम असण्याचें कारण नव्हतें. काळ्या मजुराच्या दृष्टीनें भारतीय हा त्याची मजुरी पाडावयास आणलेला परका. भारतीयाच्या दृष्टीनें काळा मनुष्य हा अपरिचित, गोमांसभक्षक आणि धर्माचार नसलेला. भारतीय मळ्यावरच्या चाळींत, बहुतेक काळे शहराच्या वाड्यावस्त्यांत. करारबंद भारतीयाला मळ्याबाहेर पाऊल टाकावयाचें तरी परवान्याची चिठ्ठी लागे. हें सर्व लक्षांत ठेवूनच पुढील गोष्ट ऐकावी, नाहीं तर 'दोन संस्कृतींचा सुंदर संगम' असलें कांहीं गोड चित्र डोळ्यांपुढें येईल. तसें झालें नाहीं.

फ्रेंच मळेवाल्यांनीं आपल्याबरोबर एक सण आणला होता: उपवासाच्या पर्वापूर्वीं दोन दिवस मुखवटे घालून नाचण्याचा, म्हणजे कार्निव्हलचा. त्यांत शेतावर राबणाऱ्या गुलामाचें सोंग घेण्याचीहि त्यांना हौस होती. उसाला आग लागली कीं रात्रींबेरात्रीं आसपासच्या मळ्यांवरील गुलामांना शिंगें फुंकून, चाबूक उडवीत आगीवर नेत. 'जळके ऊस' ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्या धांवपळीला 'कानबुले' म्हणत. १८३८ नंतर सुटलेल्या लोकांनीं हीच कानबुले आपल्या मुक्तीचा उत्सव म्हणून उचलली. हातांत मशाली, पुढें ढोलकी, मध्यें लाठी खेळणारे जवान, आणि एक पुढचा गाणारा. तो एक ओळ टाकी आणि घोळका ती झेली. लाठीच्या ह्या खेळाला 'कालिंदा' म्हणत. त्याच्या ढोलक्या तीन: एक ठेका धरून ठेवणारी, आणि दुसरी त्या ठेक्याला आडवी छेदून लाठीवाल्याला चेंव आणणारी. ठेका दाबून धरणाऱ्या अशा ढोलक्या दोन असत, आणि त्यांचें नांव 'फूले'. छेदणारीचें नांव 'कटर'.

श्रोत्यांनीं आपल्या ताशाचीं नांवें ओळखलींच असतील.

सरकारला हा उत्सव रुचला नाहीं. सभ्य वस्तीची झोंप मोडते, बायका निर्लज्जपणें नाचतात, मारामाऱ्या होतात, अशी ओरड वर्तमानपत्रांत दरवर्षीं होत असे. कॅप्टन बेकर नांवाच्या पोलीस अधिकाऱ्यानें १८८० सालीं लोकांकडून मशाली, लाठ्या आणि ढोलक्या काढून घेतल्या. १८८१ सालीं लोक तयारीनें आले, आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांत पोलिसांशीं त्यांची खडाजंगी झाली. गव्हर्नर सर सॅनफर्ड फ्रीलिंग ह्यांनीं स्वतः जमावापुढें येऊन पोलिसांना बराकींत परत धाडलें, तेव्हां कोठें शांतता झाली. परंतु सरकारें अपमान विसरत नसतात. १८८४ च्या आरंभीं कायदाच झाला. मशाली बंद, लाठ्या घेऊन जमणें बंद आणि ढोलकी बंद. मध्यरात्रीं सुरू होणारी कानबुले संपली. कार्निव्हल सोमवारीं पहांटे सुरू होऊं लागला, आणि आजहि तेव्हांच होतो.

त्याच वर्षीं पाळी भारतीयांवर आली. मोहरमला त्रिनिदादमध्यें 'होसे' म्हणतात; हुसेनच्या नांवानें होणाऱ्या आक्रोशांतूनच तें नांव निघालें. कागदाचे व बांबूचे उंच ताजिये, पुढें तासांचा गजर, शेवटीं समुद्रांत किंवा नदींत विसर्जन. ह्यांत हिंदू मोठ्या संख्येनें सामील होत. आपल्याकडे गणेशोत्सव सार्वजनिक होण्यापूर्वीं पुण्याच्या ताबुतांत हिंदू नाचत असत, हें ज्यांनीं वाचलें असेल त्यांना ह्यांत नवल वाटणार नाहीं. नवल वाटण्यासारखी गोष्ट अशी कीं काळे लोकहि त्यांत उतरत. ताजिये उचलूं लागत, वाजवूंहि लागत. वर्षभर मजुरीवरून एकमेकांकडे डोळे वटारणारे लोक त्या दोन दिवसांत एका वाद्यामागें चालत. मळेवाल्यांना ह्यांतच धोका दिसला. १८८४ च्या नियमांनीं ह्या मिरवणुकींना शहरांत व हमरस्त्यांवर येण्याची मनाई झाली. ती उठवावी म्हणून जो अर्ज सरकारकडे गेला त्याच्या शिरोभागीं सुखू नांवाच्या एका हिंदूचें नांव होतें. अर्ज फेटाळला गेला. ३० ऑक्टोबर १८८४ रोजीं सान फर्नांडो शहराच्या वेशीवर मिरवणुकी येऊन भिडल्या, तेव्हां दंग्याचा कायदा वाचून दाखविण्यांत आला आणि गोळ्या सुटल्या. निदान १६ माणसें ठार झालीं व शंभरावर जखमी झालीं. त्यांच्या हातांत काय होतें? ताजियांचे दांडे, लाठ्या आणि तासा.

एकाच वर्षीं, एकाच सरकारनें, दोन जमातींचे ढोल असे रस्त्यावरून उठविले. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या दोन घटना बहुधा निरनिराळ्या प्रकरणांत येतात. मला वाटतें त्या एकाच पानावर छापावयास हव्यात.

काळ्या लोकांनीं ढोलक्या गेल्यावर काय केलें? कायदा कातड्याच्या ढोलकीविषयीं होता. बांबूविषयीं त्यांत अक्षर नव्हतें. तेव्हां त्यांनीं डोंगरांतून बांबू तोडून आणले. चार-पांच फूट लांबीचा जाड बांबू जमिनीवर आपटला म्हणजे खोल घुमारा निघे. त्याला 'बूम' म्हणत. हातभर लांबीचे दोन तुकडे एकमेकांच्या टोंकांवर ठोकले म्हणजे मधला सूर निघे, तो 'फूले'. बारीक बांबू खांद्यावर धरून काठीनें वाजविला म्हणजे निघणारा तीक्ष्ण सूर 'कटर'. फ्रेंच शब्दांवरून ह्या ताफ्याला 'तांबू-बांबू' असें नांव पडलें. ढोलक्या जप्त झाल्या होत्या, पण त्यांचीं नांवें आणि त्यांचीं कामें मात्र जप्त करतां आलीं नाहींत. तीं जशींच्या तशीं बांबूत येऊन बसलीं.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. तासाच्या ताफ्यांत एक वादक ठेका धरतो व दुसरा तो छेदीत जातो. खालीं ढोल घुमतो. झांजा वेळ मोजतात. ही मांडणी भोजपुरी मुलखांतून आली असेल, परंतु त्रिनिदादमध्यें शेजारच्या वस्तींत ढोलकी-बांबूंचीं हीं कामें नांवानिशीं आधींच ठरलेलीं होतीं. होसेच्या मिरवणुकींत जो काळा वादक शेजारीं उभा राहिला त्यानें ह्या मांडणीला पाहून आपल्या भाषेंतला शब्द वापरला असेल, आणि तो भारतीय वादकालाहि चपखल वाटला असेल. शब्द कधीं व कोणत्या गांवीं ओलांडून गेला ह्याची नोंद कोणी केलेली नाहीं, पण तो ओलांडून गेला ह्याला आजचा प्रत्येक तासावाला साक्षी आहे. ज्यांना क्रिओल म्हणवून घ्यावयाचें नव्हतें आणि ज्यांना कोणी क्रिओल म्हणतहि नव्हतें, त्यांच्या सर्वांत जिवाच्या वाद्याच्या पोटांत क्रिओल भाषा जाऊन बसली होती.

बांबूचा एक दोष असा कीं तो फुटतो. कार्निव्हलच्या दोन दिवसांच्या आपटण्यांत तो चिरतो व आवाज बसतो. १९३० नंतरच्या वर्षांत ह्या ताफ्यांत हळूहळू लोखंड शिरलें. बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याचे पिंप, मोटारीच्या चाकाचा ब्रेकचा भाग. जें हातीं लागेल तें. त्या दशकाच्या शेवटीं तर बांबू टाकून केवळ धातूचे ताफे रस्त्यावर येऊं लागले. हे सर्व शहराच्या दरिद्री वस्त्यांतले, बेकार तरुण. सुखवस्तु मंडळींनीं कानांत बोळे घातले.

ठोकतां ठोकतां डब्याला पोचा येतो आणि पोच्याचा आवाज निराळा निघतो, हें कोणाच्या लक्षांत प्रथम आलें ह्यावर त्रिनिदादमध्यें अजून वाद घालतात. जॉन जॉन ह्या वस्तींतला विन्स्टन 'स्प्री' सायमन ह्याची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यानें आपलें डब्याचें वाद्य दुसऱ्याला वाजवावयास दिलें. त्या धटिंगणानें तें ठोकून ठोकून चेपलें. सायमन तें आंतून ठोकून सरळ करूं लागला, तों निरनिराळ्या जागीं निरनिराळे स्वर बोलूं लागले. कथा खरी असो वा नसो, एकाच वेळीं अनेक वस्त्यांत अनेक पोरें हाच खटाटोप करीत होतीं हें निश्चित. दुसऱ्या महायुद्धांत कार्निव्हल बंद होता, परंतु डबे बंद नव्हते. त्रिनिदादमध्यें तेलाच्या विहिरी आहेत, शिवाय युद्धाच्या काळांत अमेरिकेचा मोठा नाविक तळ तेथें पडला. तेलाच्या मोठ्या पिंपांना तोटा राहिला नाहीं. युद्ध संपल्यावर एली मॅनेट ह्या तरुणानें असलें मोठें पिंप घेऊन त्याचा तळ खोलगट केला आणि काठीच्या टोंकाला रबर गुंडाळलें. खणखणाट गेला, स्वर गोल झाला.

हें वाद्य कसें घडवितात तें थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत कौशल्य मोठें आहे. पिंपाचा तळ वरती करून तो घणानें ठोकून कढईसारखा खोल करावयाचा. मग खिळ्यासारख्या हत्यारानें स्वरांच्या जागा आंखावयाच्या, म्हणजे एका जागेचा कंप दुसरीला बाधत नाहीं. मग पिंप हव्या तेवढ्या उंचीवर कापावयाचें, विस्तवावर तापवावयाचें, आणि शेवटीं लहान हातोडीनें एकेक स्वर जुळवावयाचा. विस्तवावर तापविल्यावांचून तें बोलत नाहीं. ह्या बाबतींत तें आपल्या ताशाचें भावंडच म्हणावयाचें.

१९५१ सालीं लंडनच्या दक्षिण तीरावर 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' भरला होता. तेथें त्रिनिदादहून ११ वादकांचा एक ताफा पाठविण्यांत आला. निरनिराळ्या वस्त्यांतले, पूर्वीं एकमेकांचीं डोकीं फोडणारे हे तरुण. कारण ह्या ताफ्यांचीं आपसांतलीं भांडणें भयंकर असत, आणि 'टोकियो', 'कॅसाब्लांका', 'डेस्पेराडोज' हीं त्यांचीं नांवेंहि सिनेमांतून उचललेलीं, लढाईला साजेशीं होतीं. लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ ह्या बँडमास्तरानें त्यांना बारा स्वरांची पूर्ण पट्टी पिंपांत बसवावयास लावली. सत्तर वर्षांपूर्वीं ज्या साम्राज्याच्या पोलिसांनीं ढोलकी हिसकावली होती, त्याच्या राजधानींत गंजलेल्या पिंपांनीं आपलें गाणें वाजविलें. त्यांतला एक वादक, स्टर्लिंग बेटनकोर्ट, तेथेंच राहिला आणि लंडनमध्यें त्यानें ह्या वाद्याचें बीं पेरलें.

१९६२ सालीं देश स्वतंत्र झाला. १९९२ सालीं हें पिंप राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झालें, आणि जुन्या रेघेवरची राख उडाली. २०११ च्या शिरगणतींत शेंकडा ३५ च्या वर लोक भारतीय वंशाचे व ३४ च्या वर आफ्रिकन वंशाचे होते. अशा देशांत एकाच बाजूचें वाद्य राष्ट्राचें कसें, असा प्रश्न आला, आणि कांहीं हिंदू पुढाऱ्यांनीं हार्मोनियमचें नांव पुढें केलें. त्यांच्या मनांतलें दुःख मला समजतें. शंभर वर्षें ज्यांना परकें म्हटलें त्यांनीं आपल्या घरांतली एक वस्तु दिवाणखान्यांत ठेवावयास सांगावी, ह्यांत वावगें कांहीं नाहीं. पण वस्तु कोणती निवडली पहा! हार्मोनियमचें पेटंट १८४२ सालीं पॅरिसमध्यें झालें. पायानें भाता मारावयाची ती पेटी कलकत्त्याच्या कारागिरांनीं कापून हातानें वाजविण्याजोगी केली, आणि आपल्या गोविंदराव टेंब्यांसारख्या गुणी माणसांनीं तिला भारतीय गाणें शिकविलें. तरीहि परक्या स्वरांची म्हणून ह्याच नभोवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेविलें होतें, हें आमच्या वयस्क श्रोत्यांना आठवत असेल. म्हणजे शुद्ध भारतीय म्हणून जी पुढें आली तीहि मुरलेलीच निघाली.

तिकडे गाणाऱ्यांनीं मात्र रेघेची पर्वा केली नाहीं. दक्षिण त्रिनिदादमधील लेंग्वा ह्या भारतीय वस्तीच्या गांवीं वाढलेला एक काळा गवई होता, गारफील्ड ब्लॅकमन. रंगभूमीवर त्याला 'लॉर्ड शॉर्टी' म्हणत. लहानपणापासून ढोलक आणि तासा त्याच्या कानांत. कॅलिप्सो मरूं घातला आहे असें वाटून त्यानें १९७० नंतरच्या वर्षांत त्यांत ढोलकाची चाल, मेंडोलिन आणि तासाचे ठेके भरले, आणि त्या नव्या प्रकाराला 'सोका' नांव दिलें. त्यांतल्या 'का' ह्या अक्षरांत भारतीय अंश आहे असें तो सांगे. त्याच्या लोकांनीं त्याच्यावर टीका केली: हें कुलींचें संगीत आमच्यांत कशाला? मग त्यानें ढोलक बाजूला ठेवून तेच ठेके गिटार आणि ड्रम ह्यांच्यावर वांटून दिले. वाद्य दिसेनासें झालें. ठेका राहिला, आणि टीकाकार त्याच्यावरच नाचले.

दुसऱ्या बाजूनें १९७० च्या सुमारास सुंदर पोपो ह्या बॅरकपोरच्या गायकानें हिंदी बोली आणि त्रिनिदादची इंग्रजी एकाच गाण्यांत गुंफून, म्हाताऱ्या आजी-आजोबांवर एक विनोदी गाणें म्हटलें. लग्नाच्या आधीं 'मटिकोर' विधीच्या वेळीं बायका पुरुषांना दूर ठेवून तासाच्या तालावर जीं चावट गाणीं म्हणत, त्यांतून 'चटनी' नांवाचें संगीत बाहेर पडलें. आपल्याकडे हळदीच्या वेळीं म्हातारबायांच्या तोंडीं कसलीं गाणीं येतात हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको. १९८८ सालीं द्रुपती रामगुणाई ह्या गायिकेनें तासावरच एक सोका गाणें गाऊन सारा कार्निव्हल हलविला, आणि हिंदू घरच्या मुलीनें काळ्यांच्या मंचावर कंबर हलवावी ह्यावरून तिच्याच समाजांत गदारोळ झाला. दोन्ही बाजूंचे रक्षक पहारा देत उभे होते, आणि गाणें दोघांच्याहि पायांखालून निघून गेलें.

पिंपाचा मान पुढें वाढतच गेला. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ सालीं ११ ऑगस्ट हा त्याचा जागतिक दिवस ठरविला. राष्ट्राच्या राजमुद्रेवर कोलंबसाचीं तीन जहाजें होतीं. तीं काढून तेथें पिंप घालण्याचें २०२४ सालीं जाहीर झालें, आणि तसा कायदाहि संमत झाला. ठोकलेल्या पिंपानें जहाजें बुडविलेलीं मी तरी दुसरीकडे कोठें ऐकलीं नाहींत.

तासाला अशी राजमुद्रा मिळालेली नाहीं. तरी लग्न हिंदूचें असो, मुसलमानाचें असो कीं आणखी कोणाचें, तासावांचून तें सजत नाहीं. कित्येक ताफ्यांनीं मातीचें भांडें टाकून धातूचें भांडें आणि वर कारखान्यांतला पडदा स्वीकारला आहे. तो मळसूत्रानें आवळतात, शेकावा लागत नाहीं. तासाच्या ठेक्यांना तेथें 'हॅण्ड' म्हणतात. मिरवणुकीचे हॅण्ड निराळे, लग्नाचे निराळे. आणि त्या लग्नाच्या ठेक्यांत 'कॅलिप्सो हॅण्ड' आहे, 'स्टीलबँड हॅण्ड' आहे, आणि 'डिंगोले' नांवाचाहि एक आहे, ज्याचें नांव आणि झुलणें दोन्ही क्रिओल नाचांतलें. कातड्याच्या ढोलकीपासून बांबूत, बांबूपासून लोखंडांत गेलेला ठेका लोखंडांतून फिरून पुन्हां कातड्यावर येऊन बसला तो असा.

पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेस सेंट जेम्स नांवाची वस्ती आहे. तेथल्या रस्त्यांचीं नांवें कलकत्ता, लखनौ, पाटणा, दिल्ली अशीं. एक मुंबईहि आहे. मोहरमांत तेथें होसेची मिरवणूक अजून निघते. मध्यरात्रीं कडेला शेकोट्या पेटवून तासे शेकावयास ठेवतात, हिरवी आणि तांबडी चंद्रकोर खांद्यावर घेऊन माणसें फिरत नाचतात, आणि बघ्यांची गर्दी सर्व वर्णांची असते. विस्तवाजवळ बसलेला वादक बोटानें कातडें टिचकवून पाहतो, अजून चढला नाहीं म्हणून मान हलवितो, आणि पलीकडच्याला हांक मारून 'फूले' मागतो.